इन्सेंटिव्हला मराठीत काय म्हणायचं? ‘प्रोत्साहन’ परत कसं घेणार?

सूरसागर
आमच्या वडोदऱ्याच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. आपल्या गावात कारखाना यावा, माणसांना कामं मिळावीत म्हणून शहरं कंपन्यांना काय काय देऊ करतात, हा लेखाचा विषय. करमाफी, स्वस्त जमीन, रोख रक्कम, कामगारांना शिकवण्याचा खर्च, सगळंच. आणि इंग्रजीत या सगळ्याला शब्द एकच, इन्सेंटिव्ह. अ‍ॅमेझॉनने २०१७ मध्ये दुसऱ्या मुख्यालयासाठी जागा शोधतोय असं जाहीर केलं तेव्हा २३८ ठिकाणांहून प्रस्ताव गेले, तिथून लेख सुरू होतो.

पहिल्या पानावर मी लिहिलं, ‘शहराने कंपनीला प्रोत्साहन दिले.’ बरं वाटलं वाचायला. तिसऱ्या पानावर गाडी अडली. कंपनीने कबूल केलेल्या नोकऱ्या दिल्या नाहीत, म्हणून शहर दिलेलं परत मागतं. आता ‘प्रोत्साहन परत घेतले’ असं लिहू? पाठीवरची थाप परत कशी घेतात?

अंकाचे संपादक काका म्हणाले, सगळीकडे ‘सवलत’ कर. पण रोख पैसे हातात दिले तर ती सवलत कशी? सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, ‘अगं, हे आमिषच की.’ मला ते पटलंही. पण मूळ लेखकाने कुठेही कोणाला नावं ठेवलेली नाहीत. आमिष लिहिलं तर मत माझं होईल आणि नाव त्याचं लागेल. रविवारपर्यंत मजकूर द्यायचा आहे. सुचवा.

निवृत्त_लेखापाल
सबसिडी.

इथल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ३१ वर्षं हिशेब लिहिले. मालक मराठी असो, पटेल असो, तमिळ असो, सकाळी आल्या आल्या प्रश्न एकच, ‘सबसिडी आली का?’ मात्र आमच्या वह्यांत तीन नावं वेगळी होती आणि ती एकमेकांत मिसळली की साहेब ओरडायचे. रोख हातात यायची ती सबसिडी. विक्रीकर लागूच व्हायचा नाही ते एक्झम्प्शन, त्याला गुजराती कारकून ‘माफी’ म्हणायचे. आणि विक्रीकर गिऱ्हाइकाकडून आज घ्यायचा, सरकारला भरायचा मात्र काही वर्षांनी हप्त्याहप्त्याने, ते डिफरमेंट. हे तिसरं म्हणजे बिनव्याजी कर्जच. ते ताळेबंदात देणं म्हणून दाखवावं लागे. त्यालाही ‘प्रोत्साहन’ म्हणून टाकलं की वाचणाऱ्याला कळणारच नाही की हे पैसे एक दिवस फेडायचे आहेत.

म्हणून ताई, माझं म्हणणं, एकच शब्द शोधूच नका. जिथे जे दिलं तिथे ते लिहा.

अलकापुरी
काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण सबसिडी, एक्झम्प्शन, डिफरमेंट असंच लिहायचं तर अनुवाद करायचाच कशाला? सबसिडीला ‘अनुदान’ आहे, एक्झम्प्शनला ‘सूट’ किंवा ‘माफी’ आहे, डिफरमेंटला ‘लांबणीवर टाकलेला कर’ म्हणता येतं.

आणि इन्सेंटिव्हचा प्रश्न सुटलेलाच आहे. महाराष्ट्र शासनाची ‘सामूहिक प्रोत्साहन योजना’ १९६४ पासून आहे. मागास तालुक्यांत उद्योग जावेत म्हणून तालुक्यांच्या श्रेणी पाडल्या, जितका तालुका मागे तितकं जास्त द्यायचं. इतकी वर्षं शासन निर्णयांत हाच शब्द चालतो आहे. ‘प्रोत्साहनाची रक्कम वसूल केली’ असं लिहा, वाक्य नीट उभं राहील.

त्याहून जुना आणि सुंदर शब्द ‘उत्तेजन’. पुण्याची वक्तृत्वोत्तेजक सभा, ग्रंथोत्तेजक संस्था आठवा. एकोणिसाव्या शतकातल्या माणसांनी व्यापाराला, ग्रंथांना, भाषणाला उत्तेजनच दिलं. आपणच तो टाकून दिला.

वाडीची_पोर
अलकापुरी मॅडम, उत्तेजन आता नको. मी क्रीडा विभागात काम करते, आमच्याकडे ‘उत्तेजक चाचणी’ म्हणजे खेळाडूने काही घेतलंय का ते तपासणं. ‘शहराने कंपनीला उत्तेजन दिले’ वाचून माझ्या वयाचं कोणीही थबकेल.

आणि शासन निर्णयात शब्द आहे म्हणून तो मराठीत रुजला असं मला वाटत नाही. माझ्या दादाची कंपनी पुण्याला आहे, तोही ‘इन्सेंटिव्ह मिळालं’ असंच म्हणतो. आणि उत्तेजन मला भेटलं ते फक्त शाळेत, निबंधाला ‘उत्तेजनार्थ’ बक्षीस मिळायचं तेव्हा.

मोडीवाचक
या विषयावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. आपल्याकडे याला नेमका शब्द होता आणि तो शेकडो वर्षं रोजच्या कारभारात होता. कौल.

पडीक जमीन लावणीस आणायची असेल तर सरकार रयतेला कौल देई. पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग दरसाल चढत चढत जाऊन ठरलेल्या वर्षी पूर्ण. त्या चढत्या आकारणीला ‘इस्तावा’ म्हणत, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात तो शब्द आहे. नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजनांच्या नावाने कौल निघे. उदमी, कारागीर बाहेरून आणा, घरं बांधा, दुकानं मांडा, अमुक वर्षं जकात माफ, मोहतर्फा (कारागीर-दुकानदारांवरचा कर) माफ. पुण्याच्या पेठा अशाच वसल्या. आज ज्याला आपण उद्योग गावात आणणं म्हणतो, ते हेच.

शब्द अरबी आहे, अर्थ ‘बोल, वचन’. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की कौल एकाच बाजूचा नसतो. सरकारने काय सोडलं आणि त्याबदल्यात समोरच्याने काय करायचं, दोन्ही त्याच कागदावर असतं. म्हणून ‘कौल मोडला’ असं म्हणता येतं. प्रोत्साहन मोडत नाही, सवलत मोडत नाही. सूरसागर, तुमचं तिसरं पान इथे सुटतं.

निवृत्त_लेखापाल
मोडीवाचक, अंगावर काटा आला. गुजरातीत हा शब्द जिवंत आहे हो! ‘कोल आपवो’ म्हणजे वचन देणं. आमच्या शेजारच्या शेडचे मालक म्हणायचे, ‘कोल आप्यो एटले आप्यो.’ इतकी वर्षं ऐकला आणि हा आपला कौल आहे हे कधी डोक्यातच आलं नाही.

वाडीची_पोर
पण आज ‘कौल’ म्हटलं की मतदारांचा कौल. ‘शहराने कंपनीला कौल दिला’ याचा अर्थ शहराने कंपनीला मत दिलं, निवडून आणलं.

कोठीकर
माझी आजी रत्नागिरीकडची. तिच्याकडे कौल म्हणजे देवाला लावतात तो. देवाने उजवा दिला की काम करायचं. मला वाटतं घरावरचं कौलही यातलंच. पूर्वी सनदा मातीच्या कौलावर कोरून देत असणार, त्यावरून वचनाला कौल म्हणू लागले.

मोडीवाचक
नाही. देवाचा कौल आणि मतदारांचा कौल हे वचन-निर्णय या अर्थातूनच आले, ते एका घरातले. छपराचं कौल वेगळ्या कुळातलं आहे, उच्चार जुळला इतकंच. कौलनामे कागदावरच लिहीत. मी ते हाताळले आहेत.

कोठीकर
तुम्ही पेशवाईतले हाताळलेत. त्याआधीचं काय? ताम्रपट होते, शिलालेख होते, मग मातीचा पट का नसेल? तुमच्या एका वाक्याने मी सोडणार नाही.

सीताबर्डी
नागपूरहून लिहितोय. कौल, इस्तावा सगळं खरं, पण आमच्या पेपरात यासाठी २०२२ पासून एकच शब्द आहे, ‘पळवला’. वेदान्त-फॉक्सकॉनचा चिप कारखाना पुण्याजवळच्या तळेगावला येणार म्हणत होते, सप्टेंबरात कळलं गुजरातला गेला. दीडेक महिन्यात टाटा-एअरबसचा लष्करी विमानांचा कारखाना. आमच्या मिहानमध्ये, नागपूरच्या विमानतळाजवळच्या औद्योगिक क्षेत्रात, येईल म्हणून किती पोरं आशेवर होती! ३० ऑक्टोबर २०२२ ला पायाभरणी तुमच्या वडोदऱ्यात झाली. सूरसागरताई, सवलती दाखवून दुसऱ्याच्या दारातला उद्योग नेणं याला मराठीत पळवणं म्हणतात. तो शब्द लेखात आला पाहिजे.

अलकापुरी
पळवतात मूल. पळवतात मुलगी. पळवणं म्हणजे जे आपलं आहे ते चोरून नेणं. कारखाना उभाच राहिला नव्हता, तर तो कोणाचा होता?

तो शब्द आम्हाला कसा लागतो हे तुम्हाला तिकडे बसून कळणार नाही. चार पिढ्या या गावात आहोत. घरात मराठी, बाहेर गुजराती. माझा भाचा त्या विमानाच्या कामात नोकरीला लागला. त्याच संध्याकाळी मुंबईच्या मावशीचा फोन आला, ‘तुमच्या लोकांनी पळवला ना.’ तुमच्या लोकांनी! मराठीतून मला सांगते आहे की मी तिची नाही.

सीताबर्डी
ताई, तुम्हाला दुखवायचं नव्हतं. पण माझ्या भाच्याला नोकरी लागली नाही, तोही मराठीच बोलतो. दुसरा शब्द सुचवा, मी वापरतो.

कोठीकर
‘खेचला’ म्हणा. ‘मिळवला’ म्हणा. एकूण ५६ विमानं, १६ तयार स्पेनहून यायची, ४० इथे बांधायची. २८ ऑक्टोबर २०२४ ला कारखान्याचं उद्घाटन झालं. फॉक्सकॉनचं काय झालं तेही सांगा, जुलै २०२३ मध्ये ते वेदान्तच्या भागीदारीतून बाहेर पडले. तो तुमचाही राहिला नाही, आमचाही झाला नाही.

आणि नुसत्या सवलतींनी उद्योग येतो असं मानू नका. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवायला. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा. हाताला काम येणारी माणसं आणि कर्ज देणारी पेढी एकाच गावात असली की कारखानदार आपणहून येतो. याला आपण इन्सेंटिव्ह म्हणत नाही, कारण ते एका कंपनीच्या नावाने दिलेलं नसतं. माझ्या मते सगळ्यांत मोठं तेच होतं.

निवृत्त_लेखापाल
कोठीकर, अर्धं बरोबर. उरलेलं अर्धं मी डोळ्यांनी पाहिलंय. पंचमहाल मागास जिल्हा, म्हणून हालोलला गेलं की जास्त मिळायचं. इथून जेमतेम ४० किलोमीटर. मकरपुऱ्यातून एक कारखाना तिकडे गेला, नाव घेत नाही. माणसं तीच, यंत्रं तीच, फक्त सकाळी बस लागली. नव्या नोकऱ्या म्हणून कागदावर जी नावं चढली त्यातली निम्मी मी आधीच्या पगारपत्रकात लिहिलेली होती. माफीची मुदत संपली, दोन वर्षांत शटर. त्यातला एक फिटर आमच्या गल्लीत राहायचा. त्याची बस बंद झाली ती सकाळ मला अजून दिसते.

मात्र त्याच हालोलला जनरल मोटर्स १९९६ मध्ये आली, २०१७ मध्ये तिथलं उत्पादन थांबवलं आणि तोच कारखाना एमजी या मोटार कंपनीने घेतला, आजही गाड्या निघतात. म्हणजे जागेचं, रस्त्याचं, शिकलेल्या हातांचं मोल उरतंच.

सूरसागर
काका, कागदावरच्या नोकऱ्यांची गोष्ट लेखातही आहे, वेगळ्या देशातली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २०१७ मध्ये फॉक्सकॉनला १३,००० नोकऱ्यांच्या बदल्यात जवळपास ३ अब्ज डॉलर कबूल केले. २०२१ मध्ये नवा करार झाला तेव्हा उरल्या १,४५४ नोकऱ्या आणि ८ कोटी डॉलर. नोकऱ्या दिसल्या तरच पैसे, अशी अट होती म्हणून राज्याला हात आखडता घेता आला. हे लिहिताना ‘कौल’ हाताशी येतो, पण वाडीची_पोर म्हणते तेही खरं, वाचक निवडणुकीत जाईल. ‘कौलकरार’ केलं तर? की फारच जुनाट?

आणखी एक. टॅक्स हॉलिडेला, म्हणजे ठरावीक वर्षं कर लागत नाही त्याला, एकांनी ‘करसुट्टी’ सुचवलंय. चालेल?

मोडीवाचक
करसुट्टी उत्तम. सुट्टी सुटण्यातलीच, सूटही त्यातलीच. कानाला नवा वाटेल, पण आतून आपला आहे. कौलकरार तर हवाच.

अलकापुरी
करसुट्टी नको. शाळेला सुट्टी असते, कराला नाही. ‘करमाफीची मुदत’ लिहा. कौलकराराला माझा विरोध नाही, पण मग तुम्ही तोच अरबी शब्द घेताय आणि मला प्रोत्साहन सोडायला सांगताय.

मोडीवाचक
सवलतही अरबीच आहे, सहूलत. माफी अरबी. जकात अरबी. कारभाराच्या मराठीतून हे काढलंत तर उरेल काय?

अलकापुरी
‘कर’ उरेल. ‘सूट’ उरेल. ‘वचन’ उरेल. पुरेसं आहे.

सीताबर्डी
‘वचन मोडलं’ तर चालतंच की हो, अरबीही नको, इंग्रजीही नको. ‘शहराने जमीन दिली, कंपनीने वचन मोडलं.’ आणि अलकापुरीताई, मी इथून पुढे ‘तिकडे गेला’ असं लिहीन. ‘पळवला’ मित्रांत तोंडातून निघेलच, ते खोटं सांगत नाही.

कोठीकर
भांडण्यापेक्षा एक करू. महाराजांनी नेमक्या याच अडचणीसाठी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ करवून घेतला, १९३१ मध्ये. राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांना अनेक भाषांतले शब्द, त्यात मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी सगळे शेजारी शेजारी. शुक्रवारी सेंट्रल लायब्ररीत जाऊन चौकशी करतो. मोडीवाचक, येता का? फारसी रकाना तुम्हीच लावाल. आणि छपराच्या कौलाचंही तिथेच बघू, मी माघार घेतलेली नाही.

निवृत्त_लेखापाल
मीही येतो. लांबणीवर टाकलेल्या कराला तेव्हा काय म्हणत ते बघायचंय. अकरा वाजता मांडवीच्या बाजूने येईन.

सूरसागर
शुक्रवारी रात्री मला लगेच कळवा. रविवार मी पुढे ढकलू शकत नाही.