ओला मुरूम भरला की ट्रॉलीचा जॅक अर्ध्यावर थांबतो

शेतरस्ता
पाणंद रस्त्यासाठी माल टाकतोय. ५० एचपीचा ट्रॅक्टर, एक ब्रासची दोनचाकी हायड्रॉलिक ट्रॉली. खडी व्यवस्थित खाली होते. पावसात भिजलेला मुरूम भरला की हौदा अर्धा उचलला जातो आणि जॅक तिथेच अडतो, पंप किंचाळतो. जॅक दोन टप्प्यांचा आहे, १०० आणि ८० मिमी व्यासाचे. सील नवे आहेत. मेकॅनिक पंप बदला म्हणतोय. त्याआधी काय तपासू? आणि मुरमाचे ढीग किती अंतरावर टाकायचे?

नांगरफाळ
पंपाला इतक्यात हात लावू नका. आधी रिकामी ट्रॉली उचलून बघा. रिकामीही त्याच उंचीवर थांबली तर तेल कमी आहे. रिकामी पूर्ण वर गेली तर दाबाचा किंवा ओझ्याचा प्रश्न आहे.

बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. १०० मिमीचा जॅक एक मीटर वर जायला जवळजवळ ८ लिटर तेल ओढतो. पातळी आधीच कमी असेल तर पंप तेलाऐवजी हवा ओढायला लागतो. किंचाळणं बहुतेक त्याचंच. खडी खाली होते म्हणजे तेल पुरेसं आहे असं धरू नका. खडी ३५-४० अंशांतच घसरून जाते, त्यापुढे जॅक न्यावाच लागत नाही.

गिट्टी_मुरूम
वरचं बरोबर, पण दुसरी शक्यताही आहे. १५० बार दाबाला आधी निघणारा १०० मिमीचा टप्पा १२ टनांच्या आसपास जोर देतो, त्यानंतरचा ८० मिमीचा साडेसातच. खडी खाली होत असताना ओझं उतरत जातं, म्हणून धाकटा टप्पा पुरतो. मुरूम हौद्याला धरून बसतो, आणि भिजलेला ब्रासभर मुरूम ५ टनांवर जातो. त्यात भरताना पुढच्या बाजूला जास्त टाकला असेल तर जॅकवरचा भार आणखी वाढतो. कपलरवर (ट्रॅक्टरला नळी जोडतो तिथे) प्रेशर गेज लावून वाचा. रिलीफ व्हॉल्व्हचा (जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) स्क्रू आवळून दाब वाढवू नका, नळी फुटते.

हौदा वर असताना ट्रॅक्टर पुढे घेऊन ब्रेक मारायचा, ही सवय फार वाईट. माल एका बाजूला अडकलेला असला तर ट्रॉली आडवी होते. फाळका उघडायचा राहिला तर सगळं वजन मागे जाऊन दांडी वर उचलली जाते, म्हणून हुकची पिन लॉक केलेलीच हवी. अडकलेला माल काढायला हौदा खाली घ्या आणि फावडं वापरा. काही कारणाने वर ठेवावाच लागला तर टेकू लावल्याशिवाय खाली कुणीही जायचं नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही.

माल चिकटू नये म्हणून भरण्याआधी तळावर कोरडी क्रशर डस्ट पातळ पसरा. तळाला वेल्डिंगचे ठिगळ असतील तर ग्राइंडरने सपाट करून घ्या, मुरूम तिथेच धरतो.

शेतरस्ता
रिकामीही तिथेच थांबली. डिपस्टिकवर तेल खालच्या खुणेच्याही खाली आहे. बाहेर गळती कुठेच दिसत नाही.

नांगरफाळ
मग पंप वाचला. ट्रॉल्या अदलाबदल करता का? जॅक पूर्ण खाली न बसवता नळी काढली की उरलेलं तेल त्या ट्रॉलीबरोबर जातं, आणि दुसरीकडची घाण तुमच्याकडे येते. फिल्टर उघडून साफ करा. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच तेल घाला, खूण बघताना ट्रॅक्टर सपाट जागी आणि जॅक पूर्ण खाली हवा. मग रिकामा हौदा चारपाच वेळा सावकाश वर-खाली करा, हवा निघून जाईल. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, सगळंच बदलावं लागेल.

दबाई
ढिगांचा हिशेब सोपा आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. रस्ता ३ मीटर रुंद आणि सुटा थर १२ सेंमी धरला तर मीटरला ०.३६ घनमीटर लागतो. म्हणजे पावणेआठ मीटरला एक ढीग. आधी चुन्याच्या खुणा मारा, नाहीतर ड्रायव्हर अंदाजाने टाकतो आणि शेवटी माल कमी पडतो. ट्रॉली शिगोशीग नसेल तर अंतर त्या मानाने कमी करा.

तुमचा मुरूम भिजलेला आहे, तो लगेच दाबू नका, रोलरला चिकटून वर येईल. पसरून वारा लागू द्या. मुठीत दाबल्यावर गोळा व्हायला हवा, पण हाताला चिखल लागता कामा नये. तेव्हा रोलर फिरवा, कडेकडून मध्याकडे.