वाहतूक पोलिसांनी थांबवल्यावर जवळ पिस्तूल असेल तर

विषय: तालमीहून परततानाचा अनुभव (सीपीएल, म्हणजे पिस्तूल लपवून जवळ बाळगण्याचा परवाना, असलेल्यांनी कृपया वाचावे)

सप्रेम नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारी रात्री दिवाळीच्या नाटकाची तालीम आटोपून घरी येत असताना आय-९६ महामार्गावर पोलिसांनी मला थांबवले. कारण अगदी किरकोळ होते. गाडीचा मागचा उजवा दिवा बंद पडला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. शेवटी तोंडी ताकीद देऊन त्यांनी सोडले. तरीही त्या पंधरा-वीस मिनिटांविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण त्या वेळी माझ्या कमरेला पिस्तूल होते आणि शेजारी व्हिजिटर व्हिसावर आलेली आई बसली होती. आपल्या मंडळात सीपीएल घेतलेले बरेच जण आहेत, हे नेमबाजीच्या रेंजवर दिसणाऱ्या ओळखीच्या चेहऱ्यांवरून मला ठाऊक आहे. उघडपणे मात्र कोणी बोलत नाही.

मिशिगनचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. पोलिसाने थांबवले असता जवळ किंवा गाडीत पिस्तूल असेल, तर परवानाधारकाने ते विचारण्याची वाट न पाहता ताबडतोब सांगायचे असते. न सांगितल्यास पहिल्याच वेळी ५०० डॉलर दंड होतो आणि परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित होतो. परवान्यासाठी आठ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे असून त्यातले किमान तीन तास रेंजवर काढावे लागतात. माझ्या वर्गात "ताबडतोब सांगा" हे आमच्याकडून घोटून घेतले होते, परंतु ते सांगताना पहिला शब्द कोणता उच्चारावा आणि पाकीट कोणत्या खिशात असावे, हे कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

मी शोल्डरवर, म्हणजे महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर, गाडी घेतली, इंजिन बंद केले, आतला दिवा लावला, चारही काचा खाली केल्या आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. अधिकारी माझ्या बाजूने येईल असे मी गृहीत धरले होते, पण रहदारीपासून दूर राहण्यासाठी तो उजवीकडून, म्हणजे आईच्या खिडकीशी आला. लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स त्याने एका दमात मागितले. मी मनात तयार ठेवलेले वाक्य म्हटले: माझ्याकडे सीपीएल आहे, त्यानुसार आज पिस्तूल जवळ आहे, ते उजव्या कमरेला आहे, आता मी काय करावे ते आपण सांगा. परवान्याचा शब्द आधी आणि पिस्तुलाचा नंतर, हा क्रम मी मुद्दाम ठरवला होता. वाक्याची सुरुवातच "माझ्याजवळ पिस्तूल" अशी झाली, तर ऐकणारा पुढचे ऐकत नाही.

इथवर सारे नीट चालले होते. आईला इंग्रजी जेमतेम कळते. साहेब कागदपत्रे मागत आहेत एवढे तिला उमगले आणि आपलाही पासपोर्ट दाखवावा या सद्भावनेने ती पायाशी ठेवलेल्या पर्समध्ये हात घालण्यासाठी खाली वाकली. अधिकारी एक पाऊल मागे सरकला आणि त्याचा हात पट्ट्याकडे गेला. "आई, हात वर!" असे मराठीत ओरडण्याची तीव्र इच्छा झाली, परंतु त्याला न कळणाऱ्या भाषेत मी अचानक ओरडलो असतो तर त्याने काय अर्थ लावला असता कोण जाणे. म्हणून आधी त्याला इंग्रजीत सांगितले, "ही माझी आई, हिला इंग्रजी येत नाही, मी हिला आमच्या भाषेत हात डॅशबोर्डवर ठेवायला सांगतो." मग आईला सांगितले. हे सगळे तीन-चार सेकंदांत झाले असेल, पण आईचे ते अर्धे वाकलेले खांदे अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

दुसरी अडचण माझीच होती. पाकीट उजव्या मागच्या खिशात आणि होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, त्याच बाजूला, त्याच्यापासून वीतभरही दूर नाही. लायसन्स काढायला जाणारा हात आणि पिस्तुलाकडे जाणारा हात बाहेरून पाहणाऱ्याला अगदी सारखाच दिसतो. अधिकाऱ्याने मला खाली उतरवले, स्वतः पिस्तूल काढून घेतले, आणि निघताना रिकामे पिस्तूल व मॅगझिन वेगवेगळे परत केले. त्याच्या वागण्यात उर्मटपणा नव्हता, हेही नमूद करतो.

घरी आल्यावर फिलँडो कॅस्टिलच्या प्रकरणाची आठवण झाली. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्स या उपनगरात, शाळेच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी मागचा दिवा बंद असल्याचे सांगून थांबवले होते. त्याच्याकडे रीतसर परवाना होता. अधिकाऱ्याने कागदपत्रे मागितली, त्याने इन्शुरन्सचे कार्ड दिले आणि अत्यंत अदबीने आपल्याजवळ शस्त्र असल्याचे सांगितले. "मग ते काढू नको," असे अधिकारी म्हणाला, "मी काढत नाही," असे तो म्हणाला, आणि पुढच्या काही क्षणांत सात गोळ्या झाडल्या गेल्या. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. मिनेसोटाच्या कायद्यानुसार शस्त्राविषयी पोलिसाने विचारल्यावर सांगावे लागते, आपणहून सांगण्याचे बंधन नाही. म्हणजे कायद्याने मागितले होते त्याहून अधिक तो बोलला. एकाच माणसाला "लायसन्स दे" आणि "हात हलवू नको" या दोन्ही आज्ञा पाळायच्या असतात, तेव्हा त्याने नेमके काय करायचे? याबाबत आपल्यापैकी कोणाचा अनुभव असल्यास जरूर लिहावा.

आपला,
श्री. दे., नोव्हाय

उत्तर: तालमीहून परततानाचा अनुभव

नमस्कार दादा,

काकू सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे आणि माझा रूममेट ग्रीन कार्डधारक असून त्याच्याकडे सीपीएल आहे. मी कधीकधी त्याची गाडी घेऊन ओहायोतल्या कोलंबसला जातो. ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये त्याचे पिस्तूल राहून गेले असेल आणि मला थांबवले, तर मी काय सांगायचे?

नि. कु., कँटन

उत्तर: उत्तर: तालमीहून परततानाचा अनुभव

नमस्कार,

नि. कु., आधी तुमच्याविषयी लिहिते, कारण तुमचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगणे हा मिशिगनचा नव्हे तर केंद्राच्या कायद्याखालचा गुन्हा आहे. त्याला काही मोजके अपवाद आहेत. शिकारीचा वैध परवाना हा त्यांतला एक, आणि तेवढ्यासाठी तो काढून ठेवणारे लोकही मी पाहिले आहेत. पिस्तूल दुसऱ्याचे आहे एवढ्याने प्रश्न मिटत नाही, कारण ते तिथे आहे हे तुम्हाला ठाऊक होते का आणि तुमचा हात तिथवर पोहोचत होता का, हेही पाहिले जाते. शिवाय शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येते. म्हणून रूममेटची गाडी घेण्याआधी ग्लव्ह कंपार्टमेंट त्यालाच उघडायला लावा. तात्पुरत्या व्हिसाचा हा नियम व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आपल्या आईवडिलांनाही लागू आहे. श्री. दे., दुकानात पाच मिनिटांसाठी जाताना पिस्तूल गाडीत आणि आई गाडीत, असे कृपया कधीही करू नका.

आता थांबवल्यानंतरचे. अधिकाऱ्याने खाली उतरवले यात वावगे काही नव्हते. पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स या १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चालकाला खाली उतरवण्याची मुभा पोलिसांना दिली, आणि त्या खटल्याच्या मुळाशीही जाकिटाखाली दिसलेला फुगवटा व त्याखालचे रिव्हॉल्व्हरच होते. १९९७ साली हीच मुभा सहप्रवाशांबाबतही दिली गेली. १९८३ च्या मिशिगन विरुद्ध लाँग या निकालानुसार, धोका असल्याचे सयुक्तिक कारण असेल तर शस्त्रांपुरती गाडीच्या आतल्या भागाची झडती घेता येते. मात्र २०१५ च्या रॉड्रिगेझ निकालाने हेही सांगितले की ज्या कारणासाठी थांबवले ते काम संपल्यावर वेगळ्या सबळ संशयाशिवाय माणसाला अडकवून ठेवता येत नाही. झडतीला संमती मागितली तर "माझी संमती नाही" असे शांतपणे म्हणावे आणि तरीही झडती सुरू झाली तर हात आडवा घालू नये. वाद घालण्याची जागा कोर्ट आहे, शोल्डर नव्हे.

कोलंबसचा उल्लेख आला म्हणून सांगते. टोलेडोपाशी राज्याची सीमा ओलांडली की नियमही बदलतो. ओहायोत पूर्वी आपणहून सांगावे लागे, पण १३ जून २०२२ पासून अधिकाऱ्याने विचारल्यावरच सांगण्याचे बंधन आहे. आपल्याकडे बंधन विचारण्याआधीचे. न्यू जर्सीच्या नातेवाइकांकडे गाडीने जाणाऱ्यांनी तर फारच जपावे. २०१३ साली पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या एका महिलेला तिथे थांबवले असता तिने प्रामाणिकपणे पिस्तुलाविषयी सांगितले आणि तिथेच तिला अटक झाली, कारण तो परवाना न्यू जर्सीत चालत नाही. अखेर २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. राज्यातून नुसते पार जायचे असेल तर १९८६ चा केंद्रीय कायदा संरक्षण देतो, पण त्यासाठी पिस्तूल रिकामे आणि हाताशी येणार नाही असे, म्हणजे ट्रंकमध्ये, असावे लागते.

आणखी एक गोष्ट, दिवाळी पार्टी जवळ आली आहे म्हणून. मिशिगनमध्ये गाडी चालवण्यासाठी रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.०८ असली तरी पिस्तूल जवळ बाळगणाऱ्यासाठी ती ०.०२ आहे. एक ग्लास वाइनही महागात पडू शकते.

कॅस्टिलबाबत एकच लिहिते. त्याच्यावर गोळ्या झाडणारा अधिकारी जून २०१७ मध्ये निर्दोष सुटला. गोळीबाराआधीच्या सुमारे तेरा वर्षांत कॅस्टिलला पोलिसांनी चाळीसहून अधिक वेळा गाडी थांबवायला लावली होती. त्याला अदब शिकवण्याची गरज नव्हती, ती त्याच्या अंगवळणी पडली होती. त्यामुळे "नीट वागले की काही होत नाही" असे आपण आपल्या मुलांना सांगतो तेव्हा मला ते अर्धेच खरे वाटते.

मी इमिग्रेशनची वकील आहे, फौजदारीची नव्हे. प्रत्यक्ष प्रसंग ओढवल्यास त्या क्षेत्रातल्या वकिलाला गाठावे.

अ. स., अ‍ॅन आर्बर

उत्तर: उत्तर: तालमीहून परततानाचा अनुभव

सर्वांस नमस्कार,

ताईंचे पत्र दोनदा वाचले. माझे मत आधीच सांगून टाकतो: नाटकाच्या तालमीला पिस्तूल कशाला हवे, हे मला कळलेले नाही. बेसमेंटमध्ये संवाद पाठ करणाऱ्या दहा माणसांपैकी कोणापासून श्री. दे. यांना धोका होता?

पण पोलिसांसमोर वागण्याच्या सवयीविषयी मात्र मला लिहायचे आहे. गावाकडे माझ्या मामांकडे बारा बोअरची परवान्याची बंदूक होती. निवडणूक जाहीर झाली की ते ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेत आणि आचारसंहिता उठली की परत आणत. ठाण्यातले सगळे त्यांना नावाने ओळखत. बंदूक कोणाकडे आहे हे पोलिसांना आधीच ठाऊक असे, त्यामुळे सांगण्याचा प्रश्नच नव्हता. तसेच, रस्त्यात हवालदाराने शिट्टी मारली की आपण गाडी बाजूला लावतो, उतरतो, कागद हातात घेऊन त्याच्याकडे चालत जातो आणि "काय साहेब" म्हणतो. गाडीत बसून राहणे हा तिकडे मिजासखोरपणा समजला जाई. मी १९८१ च्या हिवाळ्यात इथे अगदी तसेच केले, तेव्हा मागच्या गाडीच्या भोंग्यावरून जो आवाज आला तो आजही कानांत आहे. बर्फात दोन्ही हात वर करून उभा राहिलो. हातातले कागद उडून गेले ते वेगळेच. वहिनींनी पर्समध्ये हात घातला तो त्याच संस्कारातून. मोठ्यांचा मान राखण्याची आपली पद्धत इथे उलटीच पडते, म्हणून भारतातून आईवडील आले की पहिल्याच आठवड्यात त्यांना हे शिकवावे, जवळ पिस्तूल असो वा नसो.

व. रा., ट्रॉय

उत्तर: तालमीहून परततानाचा अनुभव

सप्रेम नमस्कार,

काकांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की तालमीत धोका नव्हता. दुकान रात्री बंद करून मी थेट तालमीला आलो होतो आणि दिवसभराची रोख रक्कम माझ्याजवळ होती. तरीही तुमच्या प्रश्नात तथ्य आहे, हे मान्य करतो.

ताईंचे पत्र वाचून काही बदल केले आहेत. पाकीट आता शर्टाच्या डाव्या खिशात असते. रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स ग्लव्ह कंपार्टमेंटमधून काढून वरच्या सनव्हायझरला लावलेल्या पाकिटात ठेवले आहेत, म्हणजे हात वर जातो आणि बाहेरच्याला दिसतो. ओहायोला जाताना विचारो न विचारो, मी सांगणारच आहे, कारण टोलेडोच्या पाटीपाशी सवय बदलणे मला जमणार नाही. शिवाय मिशिगनच्या पोलिसांना आपल्या लायसन्सची नोंद तपासताना सीपीएल दिसतेच. दडवल्यासारखे दिसण्यापेक्षा आपण आधी बोललेले बरे.

मागच्या दिव्याचा बल्ब बदलला. सहा डॉलर पडले.

आईला आम्ही काकांच्या सूचनेप्रमाणे शिकवले आहे. काल ग्रँड रिव्हर अ‍ॅव्हेन्यूवर मागून सायरन वाजला, तर मी गाडी बाजूला घेण्याआधीच तिने दोन्ही तळवे डॅशबोर्डवर पसरून ठेवले होते. ती अँब्युलन्स होती. "आई, ही आपल्यासाठी नाही," असे मी म्हटले, तर हात तसेच ठेवून ती म्हणाली, "जाऊ दे तिला पुढे, मग काढते."

आपला,
श्री. दे.