शब्दचर्चा: मिडीतली ‘व्हेलॉसिटी’ म्हणजे वेग, दाब की जोर?

कीबोर्डकर
मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यात सुरांचे निरोप आकड्यांत पोचवण्याची पद्धत. तिच्या एका मार्गदर्शिकेचं मराठी करतोय आणि ट्रान्सफॉर्मच्या, म्हणजे नोटांचे आकडे एकदम बदलण्याच्या सोयीच्या, प्रकरणात अडलोय. सूचना अशी: निवडलेल्या नोट्सची व्हेलॉसिटी (नोट किती ठसठशीत वाजावी हे सांगणारा आकडा) ०.५ ने गुणा, मग ४० मिळवा. म्हणजे २० चे ५० होतात, १२० चे १००. दबलेले सूर वर येतात, ठसठशीत वाजलेले खाली बसतात. मी ‘वेग’ लिहिलं होतं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून ‘दाब’ केलं. आणि खुद्द ट्रान्सफॉर्मला काय म्हणावं, रूपांतर की फेरफार?

मंद्रसप्तक
वेग नकोच. वाचणाऱ्याला वाटेल लय वाढवायची आहे. सरळ ‘जोर’ लिहा. नोट ऑनमध्ये, म्हणजे सूर सुरू करण्याच्या निरोपात, हा आकडा ० आला तर तो सूर थांबवण्याचा निरोप धरतात. ‘जोर शून्य’ म्हटलं की हे लगेच उमगतं.

शास्त्रशुद्ध
कीबोर्ड मोजतो तो वेगच. बहुतेकांत पट्टीखाली दोन संपर्क असतात, पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला त्यावरून आकडा निघतो. शालेय विज्ञानात स्पीड म्हणजे चाल आणि व्हेलॉसिटी म्हणजे वेग, हे ठरलेलं आहे. प्रत्येक क्षेत्राने नवा शब्द काढला तर परिभाषा उरणारच नाही.

मंद्रसप्तक
मग स्पीडसाठी संगीतातही ‘चाल’ लिहाल? गाण्याची चाल कुठे जाईल? शिवाय मी माऊसने नोटा मांडतो, तिथे कुठलीच पट्टी खाली जात नाही, तरी १ ते १२७ मधला आकडा द्यावाच लागतो. मोजणी वेगाची असेल, पण ऐकू येतो तो जोर.

जुना भाषांतरकार
‘दाब’ मात्र नक्की काढा. पट्टी खाली गेल्यावर बोट आणखी रेटलं की आफ्टरटच नावाचा निरोप जातो, तो खरा दाब. दोघांना एकच शब्द दिलात तर पुढच्या प्रकरणात अडकाल.

व्युत्पत्तीवेडी
‘आघात’ कसा वाटतो? ‘आहत नाद’ आणि ‘अनाहत नाद’ यांतला ‘हन्’ हाच त्याचा धातू. वाजवून निघालेला नाद तो आहत. इतका नेमका शब्द परंपरेत असताना ‘जोर’ कशाला? तो तर फारसीतून आलाय.

मंद्रसप्तक
फारसीतून आला म्हणून काय झालं? जोर, आवाज, बाजू, सगळे आपलेच झालेत. ‘आघात ४० ने वाढवा’ हे वाक्य मोठ्याने वाचून बघा. कोणावर तरी संकट कोसळल्यासारखं वाटतं.

व्युत्पत्तीवेडी
तालाच्या चर्चेत आघात हा शब्द रोजचा आहे, तिथे कोणाला संकट आठवत नाही. शब्द वापरलाच नाही तर रुळणार कसा?

कीबोर्डकर
आणि ट्रान्सफॉर्म?

जुना भाषांतरकार
‘फेरफार’ला लबाडीचा वास येतो. ‘रूपांतर’ म्हणजे रूपच पालटणं. इथे नोट ही नोटच राहते, फक्त तिचं मूल्य बदलतं. म्हणून ‘मूल्यबदल’.

शास्त्रशुद्ध
नेहमी नाही. लॉजिक या संगीताच्या सॉफ्टवेअरमधल्या ट्रान्सफॉर्ममध्ये घटनेचा, म्हणजे निरोपाचा, प्रकारही बदलता येतो. कंट्रोलर म्हणजे वाजत्या सुरात बदल करणारा निरोप; एक नंबरचा मॉड्युलेशन कंट्रोलर अकरा नंबरचा एक्स्प्रेशन करता येतो. ते रूपांतरच. त्याच यादीत फ्लिप आणि रिव्हर्स दोन्ही आहेत, दोघांना ‘उलट’ म्हणून भागणार नाही. फ्लिपमध्ये मूल्य ठरलेल्या आकड्याच्या पलीकडे तितकंच जातं: ६४ भोवती ६० चे ६८. त्याला मी ‘प्रतिबिंब’ म्हणेन.

कीबोर्डकर
हे चांगलंय. नोट नंबरात २ मिळवून सूर वर नेणं (ट्रान्सपोज) म्हणजे ‘पट्टी बदलणं’ लिहू ना?

मंद्रसप्तक
लिहा, गाणारे तसंच म्हणतात. काळी एकवरून काळी दोनवर गेलं की दोनच अर्धस्वर चढतात.

शास्त्रशुद्ध
वर मी पट्टी म्हटलं ते बोटाखालच्या कीला. एकाच पानावर दोन अर्थ?

जुना भाषांतरकार
कीसाठी ‘पट्टी’ ठेवा, ट्रान्सपोजला ‘स्वर सरकवणे’.

मंद्रसप्तक
सरकवणे कोणी गाणारा म्हणत नाही.

व्युत्पत्तीवेडी
आणि वाजता सूर वर-खाली वाकवणाऱ्या पिच बेंडला ‘मींड’ का नको? ० ते १६३८३, मधोमध ८१९२. इतक्या बारीक पायऱ्या मींडेसाठीच हव्यात.

शास्त्रशुद्ध
मींड ही दोन स्वरांमधली वाट आहे. ८१९२ म्हणजे स्वर जागेवर, तिथे मींड कुठली? ‘स्वरकल’ म्हणा.

व्युत्पत्तीवेडी
सतारीवर तार ओढलेली नसताना मींड शून्य असते, तसंच हे. ‘कल’ म्हटलं की मला मतदारांचा आठवतो.