मदत हवी आहे: नायट्राइट निम्म्या पेशंटचं पॉझिटिव्ह येतंय

तापीकाठ: आठवडा झाला, युरिन रुटीनच्या दहातल्या पाच-सहा सॅम्पलना स्ट्रिपवर (रंग बदलणाऱ्या चौकोनांची पट्टी) नायट्राइट, म्हणजे जंतूंची खूण, पॉझिटिव्ह, प्रोटीन ट्रेस (अगदी थोडं). मायक्रोस्कोपखाली मात्र पस सेल्स १-२, म्हणजे इन्फेक्शन दिसत नाही. स्ट्रिपचा लॉट बदलला, तेच. कुठली कंपनी घेऊ? लवकर सांगा, रिपोर्ट अडकलेत.

सूक्ष्मदर्शी: कंपनीचं राहू द्या. लघवी केल्यापासून स्ट्रिप बुडेपर्यंत किती वेळ जातो? पीएच किती?

लाल_चौकोन: स्ट्रिपची बाटली उघडी राहते का ते बघा. ओल लागली की नायट्राइटचा चौकोन आपोआप गुलाबी होतो. एक स्ट्रिप डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा, गुलाबी झाली तर बाटली बाद. आणि ती फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढली की आत पाणी सुटतं.

केळीचं_पान: सरळ ॲनालायझर घ्या, डोळ्यांचा घोळच नको.

लाल_चौकोन: मशीनही तीच स्ट्रिप वाचतं. सॅम्पल शिळं असेल तर शिळंच वाचेल.

तापीकाठ: डिस्टिल्ड वॉटरला चौकोन पांढराच. पीएच ८ ते ८.५. सॅम्पल चोपडा-यावलहून येतात, सातला घेतलेले, इथे जळगावात एकला पोचतात. डब्या पेशंट घरूनच आणतात.

सूक्ष्मदर्शी: अहो भाऊ, हे आधी सांगायचं! एप्रिलच्या उन्हात सहा तास. जंतू वाढतात, नायट्रेटचं नायट्राइट करतात. युरिया फोडून अमोनिया करतात म्हणून पीएच चढतो, आणि लघवी फार अल्कलाइन झाली की प्रोटीनचा चौकोन खोटा हिरवा होतो. उलट साखर जंतू खातात, म्हणजे ग्लुकोज कमी दिसेल. बाहेर ठेवायचं तर दोन तासांच्या आत तपासा, नाहीतर २ ते ८ अंशांत.

खानदेशी_पॅथ: बर्फात घातलं की युरेट्स (लघवीतले क्षार) बसतात, सॅम्पल गढूळ. मायक्रोस्कोपी कोण करणार?

सूक्ष्मदर्शी: गढूळ चालेल, खोटं इन्फेक्शन नको. स्ट्रिप लावण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, ग्लुकोजचा एन्झाइम थंडीत मंदावतो. मग हलकेच उलटंपालटं करा, लाल पेशी तळाशी बसतात.

बोदवडकर: २४ तासांच्या लघवीत सकाळची पहिली टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची, हे विसरू नका.

लाल_चौकोन: ती वेगळी तपासणी, इथे नको. तापीकाठ, घरच्या डब्या आजच बंद करा. ब्लीचनं धुतलेल्या डबीत ब्लड आणि ग्लुकोज दोन्ही खोटे पॉझिटिव्ह येतात. कोरडी, रुंद तोंडाची, नवी डबी सॅम्पल घेणाऱ्या सेंटरनंच द्यावी. पेशंटला सांगा: लघवीची जागा पाण्यानं धुवा, पहिली धार सोडा, धार न थांबवता मधली १५-२० मिली धरा. बायकांना पाळी सुरू आहे का ते विचारा. नाव डबीवर लिहा, झाकणावर नको.

तापीकाठ: आज यावलला एकाच सॅम्पलचे दोन भाग केले. तिथेच लगेच बुडवलं तर नायट्राइट निगेटिव्ह, पीएच ६. दुसरा भाग गाडीतून इथे आला, तर पॉझिटिव्ह, पीएच ८. सेंटरवरच स्ट्रिप लावायला शिकवलं तर वेळा कशा धरायच्या?

सूक्ष्मदर्शी: बाटलीवरच्या तक्त्यानं चाला. साधारण ग्लुकोज ३० सेकंद, कीटोन ४०, नायट्राइट-प्रोटीन ६०, ल्युकोसाइट (पांढऱ्या पेशी) १२०. एक सेकंद बुडवा, बाहेर काढताना कड डबीच्या काठाला घासा आणि स्ट्रिप आडवी धरा. उभी धरली की वरच्या चौकोनाचा रंग खालच्यात उतरतो.