पहिली शिकार : संरक्षक साहित्यात आधी खर्च कशावर करावा?

नवशिका

पुढील महिन्यात मी पहिल्यांदाच शिकारीला जाणार आहे. परवाना हाती आला आहे, बंदूक हाताळण्याचे प्रशिक्षणही पूर्ण झाले आहे आणि सोबत दोन अनुभवी माणसे आहेत. पहिल्या दिवशी हरणाचा माग काढत पायी फिरायचे आणि दुसऱ्या दिवशी झाडावरच्या मचाणावर बसायचे, असे ठरले आहे. उत्साहाच्या भरात मी टोपीपासून बुटांपर्यंत सगळे पानाफांद्यांच्या नक्षीचे कपडे घेऊन बसलो, आणि आता सोबती सांगतात की त्यावर भडक नारिंगी जाकीट घातल्याशिवाय आम्ही तुला बरोबर नेणार नाही. सावजापासून लपायचे आणि त्याच वेळी अंगावर नारिंगी मिरवायचे, या दोन गोष्टींचा मेळ मला लागत नाही. उरलेले पैसे मोजकेच आहेत. ते आधी कशावर खर्च करावेत, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रानवाट

आपले सोबती योग्य तेच सांगत आहेत. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, तर हरणाच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या असतात आणि लाल-नारिंगी छटा वेगळी ओळखण्याची सोय त्याच्याकडे नसते; त्यामुळे आपल्याला झळझळीत दिसणारे जाकीट त्याला मळकट, आजूबाजूच्या पाल्यात मिसळणारे दिसते. हरणाच्या नजरेत भरते ती हालचाल, आणि वाऱ्यावरून येणारा वास तर त्याला त्याही आधी कळतो. पक्ष्यांना मात्र रंग उत्तम दिसतात, म्हणून पक्ष्यांच्या शिकारीत हा हिशेब बदलतो.

जाकीट घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. रंग साधा नारिंगी नको, प्रकाश पडताच चमकणारा प्रदीप्त नारिंगी हवा. आणि तो छाती, पाठ व डोके या तिन्ही ठिकाणी दिसायला हवा. मी पहिली दोन वर्षे मोठ्या समाधानाने नारिंगी बंडी घालून फिरलो. एकदा मागून येणाऱ्या सोबत्याने विचारले, तेव्हा लक्षात आले की पाठीवरच्या करड्या पिशवीने ती पूर्ण झाकली गेली होती. तेव्हापासून पिशवीवरही नारिंगी आवरण असते. मारलेले जनावर ओढून किंवा उचलून आणतानाही त्यावर नारिंगी कापड बांधावे, कारण झुडपामागून सरकणारे हरणाचे अंग पाहून दुसरा शिकारी काय समजेल, हे सांगायला नको.

आणखी एक बारीक गोष्ट. शुभ्रता वाढवणाऱ्या साबणाने हे कपडे धुऊ नयेत. त्यातील द्रव्यांमुळे कापडावर निळसर चमक येते आणि नेमकी तीच छटा हरणाला चांगली दिसते.

एकाकान

माझे टोपणनाव थट्टेने घेतलेले नाही. "शिकारीत दिवसातून एखादीच गोळी झाडायची, त्यासाठी कान कशाला झाकायचे," असे मी कितीतरी वर्षे म्हणत आलो. रायफलीचा बार 140 डेसिबलच्या वर जातो आणि इतक्या तीव्र आवाजाने एका क्षणातही कानाची कायमची हानी होऊ शकते. उजव्या खांद्यावर दस्ता टेकवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून तो आधी जातो. रात्री घर निजले की माझ्या डाव्या कानात रातकिडा सुरू होतो आणि तो सकाळपर्यंत थांबत नाही.

इलेक्ट्रॉनिक कर्णकवच मिळते. ते पाचोळ्यातील पावलांसारखे हलके आवाज वाढवून ऐकवते आणि बंदुकीच्या बाराचा आवाज मात्र अडवते. ते परवडत नसेल तर फोमचे बोळे पुरेत, पण ते नीट बसवावे लागतात : बोटांनी वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग धरून तो वर व मागे ओढावा, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. अर्धा बाहेर लोंबणारा बोळा जवळजवळ निरुपयोगी असतो.

डोळ्यांसाठी पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकचा, चष्मा घ्यावा. उडून आलेल्या छऱ्यापेक्षा पुढच्या माणसाने सोडलेली फांदी डोळ्यावर बसण्याचा प्रसंग अधिक वेळा येतो, असा माझा अनुभव आहे.

मचाणकर

वरील दोघांशी सहमत असूनही मी क्रम वेगळा लावीन. मचाणावर बसणार असाल तर पहिला खर्च पूर्ण अंगाच्या सुरक्षा-पट्ट्यावर, म्हणजे हार्नेसवर करा. नुसता कमरेचा पट्टा अजिबात नको. पडताना तो पोटावर किंवा छातीवर आवळतो. माणूस बसलेला असतानाच पडतो असे नाही. चढताना, उतरताना आणि शिडीवरून मचाणावर पाय टाकताना तोल जातो, म्हणून जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीला लागेपर्यंत झाडाला बांधलेल्या दोराला जोडलेलेच राहावे. मचाणावर हार्नेसला झाडाशी जोडणारा बंध डोक्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर असावा आणि बसल्यावर त्यात ढील नसावी.

पट्ट्यात लोंबकळत राहणेही धोक्याचे असते. मांड्यांवरचा ताण वाढून रक्त पायांत साचते, म्हणून पाय टेकवून भार हलका करता येईल असा फासा जवळ ठेवावा. घरी जमिनीपासून वीतभर उंचीवर, कोणीतरी शेजारी उभे असताना, एकदा लोंबकळून पाहा. फासा कोणत्या खिशात ठेवला आहे, ते तेव्हाच कळते. एकदा पडताना ताण बसलेला पट्टा पुन्हा वापरू नये, आणि न वापरलेल्या पट्ट्यावरही निर्मात्याने छापलेली मुदत पाहावी.

बंदूक खांद्याला लटकवून चढू नये. काडतुसे काढून, नळीचे तोंड खाली ठेवून ती दोरीने मागाहून ओढून घ्यावी. दोरी चापाच्या कडीला बांधू नये.

नवशिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हार्नेस आणि नारिंगी बंडी आजच घेतो, कानांसाठी यंदा बोळे. जनावर साफ करताना हातमोजे खरोखर लागतात का?

रानवाट

लागतात. रानडुकरापासून ब्रुसेलोसिस आणि सशापासून ट्युलरेमिया हे जिवाणूंचे आजार माणसाला होऊ शकतात, आणि हातावरचा लहानसा ओरखडाही त्यासाठी पुरतो. नायट्राइलचे लांब हातमोजे वापरावेत आणि फाटले की लगेच बदलावेत. गोचिडांसाठी विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारणार असाल तर आदल्या दिवशी उघड्यावर फवारून पूर्ण वाळू द्यावे, आणि घरात मांजर असेल तर ते ओल्या कपड्यांजवळ जाणार नाही याची काळजी घ्यावी, कारण मांजराला पर्मेथ्रिन विषारी ठरते.