वंशावळीतली गाळलेली नावं
बायबलमध्ये मत्तय आणि लूक या शुभवर्तमानकारांनी दिलेल्या येशूच्या वंशावळी जुळत नाहीत म्हणजे नकलकाराची चूक, असं काहींचं मत आहे; ते मला पटत नाही. मत्तय सरळ राजगादीची वाट धरतो: दावीद, शलमोन, पुढचे राजे. लूक मात्र दावीदाचा आणखी एक मुलगा नाथान याच्याकडून थेट आदामापर्यंत जातो. मत्तयाला तीन गटांत 14-14-14 पिढ्या हव्यात, म्हणून योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे तो चक्क गाळतो! हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असतं आणि दावीद या नावाच्या अक्षरांची बेरीजही 14च (4+6+4), त्यामुळे हा योगायोग वाटत नाही. (तिसऱ्या गटात नावं मोजा, 13च भरतात.) खरी गंमत याच यादीतल्या यखन्या राजाची. त्याच्या वंशातला कोणी दावीदाच्या गादीवर बसणार नाही, असं बायबलमधलं यिर्मया 22:30 सांगतं, तरी मत्तय त्याला येशूच्या वंशावळीत ठेवतोच.