मऊपणाआधी सायकलच्या सीटची रुंदी पाहावी
सायकलवरच्या लांबच्या फेरीसाठी जाड जेलचे सीट घ्यावे, असा सल्ला एकाने दिला आहे. मला ते पटत नाही. बेळगावहून खानापूर गाठेपर्यंत तसे सीट सुखाचे वाटते, पण पुढे बैठकीची हाडे (बसताना भार पेलणारी नितंबांखालची दोन हाडे) त्या मऊपणात रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येऊन मुंग्या येऊ लागतात. त्याऐवजी कठीण पायरीवर नालीदार पुठ्ठा ठेवून, थोडे पुढे वाकून बसावे व उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांतले अंतर मोजावे. त्यात साधारण २० ते ३० मिलिमीटर मिळवले की सीटच्या रुंदीचा अंदाज येतो. माझे अंतर १२५ भरले, आणि जुने सीट जेमतेम १३० चे होते! सीटची उंचीही तपासावी, कारण ती जास्त राहिल्यास कंबर डुलते आणि मांड्या सोलवटतात.